अख्खा अल्बम, एका बैठकीत: तुमचा कोणता, आणि त्यात काय ऐकू आलं?

तबकडी

घरी बसून मन लावून ऐकणारे चार लोक एकत्र आले की बोलणं अ‍ॅम्प्लिफायर, केबल आणि कार्ट्रिजवर (तबकडीवरची सुई धरणाऱ्या भागावर) जातं. मलाही त्या गप्पा आवडतात, पण इथे जरा वेगळं काही हवंय. जो अल्बम तुम्ही पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता, फोन लांब ठेवून ऐकता, तो सांगा. आणि 'अप्रतिम', 'अंगावर काटा आला' एवढ्यावर थांबू नका. काय ऐकू आलं ते लिहा. कुठलं वाद्य, कुठल्या बाजूला, कुठल्या क्षणी.

माझ्यापासून सुरुवात करतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला. ती इमारत आधी चर्च होती. छत खूप उंच, आणि ते उंच छत या रेकॉर्डवर ऐकू येतं. ट्रम्पेट थांबलं तरी त्याच्या मागची हवा काही क्षण जागी असते.

पहिल्याच रचनेत पियानो आणि बासची संथ सुरुवात आहे, मग बासची धून आणि तिला इतरांचं दोन सुरांचं उत्तर. माइल्सचा एकल भाग सुरू होतो त्या ठोक्याला ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर जोरकस आघात करतो. पुष्कळ ठिकाणी तो नुसता 'छस्स' असा येतो आणि संपतो. स्पीकरांची जागा नीट बसल्यावर मला त्याचा पुढचा सगळा प्रवास ऐकू यायला लागला. आधी काठीचं टोक लागल्याचा कोरडा आवाज, मग धातू उघडतो, मग ट्रम्पेटच्या पहिल्या वाक्याखालून तो नाद विरत जातो. माइल्स पुढचं वाक्य घेतो तेव्हाही तो पुरता संपलेला नसतो. हा एक क्षण ऐकायचा म्हणून मी रेकॉर्ड लावतो आणि शेवटपर्यंत जागचा हलत नाही.

एक माहिती, ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्यासाठी. २ मार्चच्या सत्रात मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जराशा चढ्या सुरात येतात. १९९२च्या आवृत्तीत दुसऱ्या मशीनवरची टेप वापरून ते दुरुस्त केलं गेलं. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्याला फरक लगेच कळतो.

कानसेन

फार दिवसांनी असा विषय निघाला. माझा अल्बम ठरलेला आहे: किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री या रागांची तबकडी. त्यातही भूपाची बाजू. विलंबित 'प्रथम सुर साधे' आणि त्याला जोडून 'सहेला रे'.

तुम्ही नेमकं लिहायला सांगितलंय म्हणून तानपुऱ्यापासून सुरू करतो. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, त्यामुळे गंधारावर रागाचा मोठा भार. आता जवारी (तारेला झणत्कार देणारी घोडीवरची घडण) नीट लागलेल्या तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतून तिच्या पाचपट कंपनसंख्येचा एक स्वर आपोआप उमटतो, आणि तो गंधार असतो. कुणी तो छेडलेला नसतो, तरी तो असतो. स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. किशोरीताई विलंबितात गंधारावर येऊन थांबतात तेव्हा त्यांचा सूर त्या आधीपासून भरून राहिलेल्या गंधारात जाऊन मिसळतो, आणि क्षणभर गळा कुठे संपला नि तार कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही.

हे ऐकायला फार महाग यंत्रणा लागते असं मला वाटत नाही. पण तानपुऱ्याचे वरचे स्वर शाबूत राहतील अशी फाइल किंवा तबकडी मात्र लागते. खूप दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये सगळ्यात आधी बळी जातो तो तानपुरा. चार तारांची ओळख पुसली जाते आणि मागे एक सपाट घूं उरतं. गायकाच्या आवाजाला फारसं काही झालेलं नसतं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही.

आणि विलंबित गाळून थेट 'सहेला रे'वर उडी मारणाऱ्यांना कळकळीची विनंती, एकदा क्रमाने ऐका. विलंबितात त्यांनी जे स्वर एकेक करून उभे केले, तेच पुढे द्रुतात खेळतात.

चौथी तार

कानसेन, शब्दाशब्दाशी सहमत. स्वयंभू गंधाराबद्दल विशेष धन्यवाद.

एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी यात एक तांत्रिक गोष्ट जोडतो, कारण ती आपल्या संगीताला फार लागू पडते. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या काठाशी खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर वेगाने सरकते, लेबलजवळ तोच वेग २० सेंटिमीटरच्या आसपास येतो. म्हणजे एका सेकंदाच्या संगीताला शेवटी निम्म्याहून कमी जागा मिळते. बारीक वळणं दाटतात, आणि 'स', 'श' फाटल्यासारखे येतात.

आता ख्याल आठवा. सुरुवात संथ आलापीने, शेवट द्रुत लयीतल्या तानांनी. तबकडीवर जिथे जागा ऐसपैस तिथे आलाप, आणि जिथे जागेची सगळ्यात टंचाई तिथे वेगवान, भरगच्च ताना! पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या ज्या रचना जोरात संपतात त्यांनाही हाच त्रास आहे, पण ख्यालात तो जवळजवळ प्रत्येक बाजूला येतो. म्हणून कार्ट्रिज बसवताना मी कोनमापक कागदावर सुईचा कोन आतल्या वर्तुळाशी जास्त काटेकोर जुळवतो आणि मग एखाद्या बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांवर कान लावतो. सुरुवातीच्या आलापावरून सुईची परीक्षा होत नाही.

मंद्र

वाचतोय, सगळं टिपून ठेवतोय.

माझी अडचण वेगळी आहे. गाणं सुरेख येतं, तबल्याची चाटही (काठावरचा कडक बोल) स्वच्छ, पण बायाँचा (डाव्या हाताच्या डग्ग्याचा) प्रत्येक घुमारा खोलीभर पसरतो. एक 'धा' संपायच्या आत दुसरा येतो आणि सगळं एकच ढग होऊन बसतं. त्यामुळे विलंबित एकताल सलग ऐकवत नाही, डोकं जड होतं. स्पीकर बदलावेत का? माझे मजल्यावर उभे राहणारे मोठे स्पीकर आहेत.

तबकडी

मंद्र, स्पीकर बदलायच्या आधी दोन गोष्टी सांगा. खोली किती लांब, आणि खुर्ची कुठे?

मंद्र

लांबी बरोबर ४ मीटर. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली.

तबकडी

मग स्पीकर राहू द्या.

आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ४ मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिला स्थिर तरंग साधारण ४३ हर्ट्झला तयार होतो आणि दुसरा ८६ला. बायाँचा भरीव भाग याच दुसऱ्या आकड्याच्या आजूबाजूला असतो. भिंतीलगत या सगळ्या तरंगांचा दाब सर्वांत जास्त, आणि तुम्ही नेमके तिथे बसलाय. तबलजी जेवढं वाजवतोय त्याच्यापेक्षा जास्त तुमची भिंत वाजवतेय.

दुसऱ्या तरंगाचा दाब भिंतीपासून खोलीच्या पाव लांबीवर सगळ्यात कमी असतो. तुमच्या खोलीत ते अंतर १ मीटर. खुर्ची मागच्या भिंतीपासून १ मीटर पुढे घ्या. पार मधोमध मात्र नको, तिथे पहिला तरंग नाहीसा होतो आणि खर्ज पोकळ वाटतो. जमल्यास स्पीकरही त्यांच्या मागच्या भिंतीपासून थोडे सुटे करा. आणि मग तोच विलंबित एकताल लावा, दुसरं काही नको.

अनवट

माझा अल्बम 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, १९९३.

ध्वनिमुद्रण १९९२ साली सांता बार्बरा इथल्या एका प्रार्थनागृहात झालं. ध्वनिमुद्रक कविचंद्रन अलेक्झांडर, त्यांची कंपनी वॉटर लिली अकूस्टिक्स. दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोनात, एकाच जागी ठेवलेले. समोर चौघे: मोहनवीणा, कूडरची स्लाइड गिटार, सुखविंदर सिंग नामधारी यांचा तबला आणि कूडर यांचा किशोरवयीन मुलगा योआकिम, दुंबेक हे हाताने वाजवायचं तालवाद्य घेऊन. दोघे मुख्य वादक वाजवायला बसण्याच्या जेमतेम तासभर आधी पहिल्यांदा भेटलेले. ध्वनी थेट टेपवर, नंतर वाद्यं वरखाली करून जुळवाजुळव करायची सोयच नाही. कुणाचा आवाज कमी हवा असेल तर त्याने स्वतः हळू वाजवायचं.

आणि ते तसंच ऐकू येतं. पहिल्या रचनेत एक जण पुढे सरसावला की दुसरा आपोआप खाली उतरतो. ही उतरंड यंत्राने केलेली नाही, हाताने केलेली आहे. मोहनवीणेला तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) तारा आहेत, म्हणून भट्टांचा सूर थांबल्यावरही मागे चमक राहते. कूडरच्या गिटारला त्या नाहीत, तिचा सूर जास्त कोरडा आणि मांसल. भट्टांची धातूची कांडी आणि कूडरची नळी तारेवरून घसरते तो सूक्ष्म खरखराट दोघांचाही वेगळा आहे. डोळे मिटून ऐकल्यावर सुरुवातीला दोन वाद्यं एकमेकांत मिसळतात, कारण दोन्ही मिंडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यावर, जगणारी. मग हा तरफेचा फरक कानाला सापडतो आणि पुढची चाळीसेक मिनिटं दोघं दोन वेगळ्या जागी बसलेले स्पष्ट दिसतात.

तबला स्पीकरच्या रेषेच्या बराच मागे ऐकू आला पाहिजे. तो पुढे, गिटारच्या शेजारी येत असेल तर स्पीकरांचा कोन किंवा बाजूच्या भिंतीवरचं परावर्तन तपासा.

साइड बी

अनवट, या अल्बमबद्दल वाद नाही. पण एकूण या दिशेबद्दल माझं वेगळं मत नोंदवतो.

ध्वनिमुद्रण झकपक आहे म्हणून सुमार संगीत पुन्हापुन्हा लावायचं, हे आपल्या छंदाला लागलेलं दुखणं आहे. यंत्रणा दाखवायला निघालो की ठराविक दहा-बारा रेकॉर्ड फिरत राहतात. त्यांत काच फुटते, ढोल दणाणतो, बाई कानाशी कुजबुजते. त्यांतल्या किती तुम्ही एकटे असताना लावता?

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतात त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नहीं आवत चैन'. तीन मिनिटं आणि थोडी. एकच वाहिनी, खर्ज नावापुरता, वर सतत खरखर. आणि तरी त्या सुराची लांबी, त्याचं वळताना थोडं कातर होणं, सगळं पोचतं. कान पहिल्या अर्ध्या मिनिटात खरखर बाजूला सारतो आणि मग ती परत आठवतही नाही. १९०२ साली गायिका गौहर जाननी गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात, कारण तबकडी परदेशात छापली जायची आणि लेबलवर नाव कुणाचं घालायचं हे तिथल्या लोकांना कळायला हवं. मायक्रोफोन नाही, भोंग्यात गायचं. तीन मिनिटांत रागाचं सार मांडायची शिस्त या मंडळींनी कमावली. माझ्यासाठी अल्बम म्हणजे अशा सहा-सात तबकड्या, एकामागून एक.

अनवट

साइड बी, दुखणं मान्य. पण दोन्ही टोकांना एकच गोष्ट चालू आहे असं मला वाटतं. खाँसाहेबांच्या तबकडीत कलावंत आणि खाच यांच्यामध्ये कुणी नाही, आणि दोन मायक्रोफोनच्या ध्वनिमुद्रणातही कुणी नाही. कानाला त्रास होतो तो मधल्या काळातल्या काही सीडींचा, ज्यांत सगळंच सारखं मोठं करून ठेवलंय. मेटॅलिकाचा २००८चा 'डेथ मॅग्नेटिक' घ्या. वाजवण्यात ताकद आहे, पण आवाज इतका दाबून वर चढवलाय की ड्रमच्या ठोक्याचं शिखरच कापलं जातं. त्याच गाण्यांची गिटार हीरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती कमी दाबलेली निघाली आणि चाहत्यांनी ती पसंत केली. तिथे कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर काही करू शकत नाही.

साइड बी

हे मात्र शंभर टक्के.

एकतारी

पहिल्यांदाच लिहितेय. माझा उजवा कान जवळजवळ बंद आहे. 'कुठल्या बाजूला काय' हा तुमच्या गप्पांतला अर्धा भाग माझ्यापर्यंत पोचत नाही, पण ऐकणं माझं रोजचं आहे.

हेडफोनवर 'काइंड ऑफ ब्लू'ची स्टीरिओ आवृत्ती लावली की मला सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन भरपूर मिळतो, तो डावीकडे आहे. उजवीकडचा दुसरा सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली जवळजवळ गायब होतो. मोनोची (दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारी) सोय चालू केली की तो परत येतो, आणि मग कळतं की त्याचं वाजवणं किती हसरं आहे. हा अल्बम १९५९ साली मोनो आणि स्टीरिओ अशा दोन्ही रूपांत निघाला होता. माझी पसंती अर्थातच मोनोला. साइड बींच्या ७८च्या तबकड्या तर माझ्या हक्काच्या, त्यात माझं काहीच सुटत नाही.

यंत्रणा निवडताना मोनो बटण आहे का, हे मी सगळ्यात आधी बघते. अलीकडच्या पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरमधून ते काढून टाकलंय याचं वाईट वाटतं. फोनमध्ये मात्र ऐकण्याच्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये मोनो असतं, ज्यांना गरज आहे त्यांनी शोधा.

माझा अल्बम: कुमारजींची (कुमार गंधर्वांची) निर्गुणी भजनं. एका फुफ्फुसावर गाणारा हा माणूस सूर फेकतो आणि लगेच सोडून देतो. त्या सोडण्यानंतरची जागा ऐकायला एक कान पुरतो.

कानसेन

एकतारी, लिहीत राहा. 'सूर फेकतो आणि सोडून देतो', कुमारजींच्या गाण्याबद्दल इतकं अचूक फार थोड्यांना लिहिता येतं.

पाचवा पडदा

त्याच ३०व्या रस्त्याच्या स्टुडिओतला आणखी एक. ग्लेन गूल्डने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स तिथे दोनदा ध्वनिमुद्रित केले, १९५५ आणि १९८१ साली. पहिलं साधारण ३८ मिनिटांत उरकतं, दुसऱ्याला ५१ लागतात (त्यात काही पुनरावृत्तीही घेतल्या आहेत). मी दोन्ही एका संध्याकाळी लागोपाठ ऐकतो. सुरुवातीचा आरिआ (मूळ धून) पहिल्यात चालत येतो, दुसऱ्यात प्रत्येक सूर विचारून मग पाऊल टाकतो. आणि वाजवताना गूल्ड गुणगुणतो. १९८१च्या मुद्रणात ती गुणगुण पियानोच्या थोडी वर आणि मागे, अशा ठरलेल्या जागी ऐकू येते. काहींना ती नकोशी वाटते. मला तिच्यामुळे तो कुठल्या आवाजाला पुढे आणतोय हे कळतं, कारण बऱ्याचदा तो तीच ओळ गुणगुणत असतो.

गुणगुणण्यावरून कीथ जॅरेटची 'कोल्न कॉन्सर्ट'. २४ जानेवारी १९७५. मागवलेला पियानो आलाच नाही, जो मिळाला तो लहान, वरचे सूर पातळ, खर्ज दुबळा. म्हणून तो बराच वेळ मधल्या पट्टीत राहतो आणि डाव्या हाताने एकच आकृती पुन्हापुन्हा घडवतो. ही हकिगत कळल्यावर तो पियानो मला नीट ऐकू यायला लागला.

रात्रपाळी

घरात सगळे झोपल्यावर, अगदी बारीक आवाजात ऐकणाऱ्यांसाठी कुणी काही लिहिलं नाही, म्हणून मी.

आवाज कमी केला की खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. यंत्राचा दोष नाही, कानाची घडण तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री वाद्यवृंद लावला की तो किरकोळ वाटतो. मला उपयोगी पडतो निक ड्रेकचा 'पिंक मून', १९७२. एक गळा, एक गिटार, आणि पहिल्या गाण्यात मागाहून वाजवलेला पियानोचा एक छोटा तुकडा. संपूर्ण अल्बम २८ मिनिटांचा. त्यात गमावण्यासारखा खर्ज मुळातच थोडा आहे. बोटं तारेवर पडतात आणि उठतात, तो आवाज अगदी कमी पातळीवरही स्वच्छ येतो.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं ते याच वेळेसाठी. दिवसा मोठ्याने ऐकताना बंद ठेवायचं, रात्री बिनधास्त चालू करायचं.

मंद्र

सांगितल्याप्रमाणे खुर्ची १ मीटर पुढे घेतली. स्पीकर हात दीड हात पुढे. आधी ऐकत होतो तोच विलंबित एकताल.

बायाँवर तबलजी मनगट दाबून आवाज खालून वर ओढतो, तो प्रवास आता ऐकू येतोय. आधी फक्त घुमारा होता, आता त्यात सूर आहे, आणि तो सूर कुठून निघून कुठे पोचला तेही कळतं. मात्रा मोकळ्या झाल्या. दोन 'धा'च्या मधल्या जागेत तानपुरा येतोय, तो आधी तिथे आहे हेच माहीत नव्हतं. पूर्ण ख्याल एका बैठकीत ऐकला, मग तुमच्या यादीतला भूप लावला. तबकडी, मनापासून आभार.

एकच प्रश्न. चाट आता किंचित टोकदार वाटतेय. हे खरंच आहे की आधी सगळं झाकलेलं होतं म्हणून तसं वाटतंय?

तबकडी

काही दिवस तसंच ऐका, कानाला नव्या तोलाची सवय होऊ द्या. तरीही टोचलं तर स्पीकरांची तोंडं तुमच्याकडे जितकी वळवली आहेत त्याहून थोडी बाहेर काढा, ती रेषा तुमच्या खांद्यांच्या बाहेरून जाईल इतपत. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, जिथे आरसा धरल्यावर खुर्चीतून स्पीकर दिसतो, तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आणा.

कानसेन

आणि मंद्र, चाट तपासायला संतूर लावा. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. कलम (संतूर वाजवायची काडी) तारेवर पडण्याचा आघात आणि त्यामागून तारांची झणझण, हे दोन्ही वेगवेगळे कळले तर तुमची वरची बाजू ठीक आहे. नुसता आघातच येत असेल तर स्पीकर अजून थोडे बाहेर वळवायला हवेत. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात रागांच्या क्रमाने मांडलाय, अहीर भैरवाने सुरुवात आणि पहाडीने शेवट, त्यामुळे शफल बंद करून ऐका. आणि काय ऐकू आलं ते इथे येऊन लिहा.